खुंट्याचा कॅमेरा

"हसण्याचा आवाज आला की समजावं, कुठेतरी माल चाललाय."

हे वाक्य माझ्या मामाचं. जेवणाच्या टेबलावर, कोणी काही विचारलेलं नसताना, तो ते बोलला आणि पुन्हा ताटात मान घातली. भाच्याला जगण्याची गुरुकिल्ली दिली असं त्याला वाटलं असावं. मला एवढंच कळलं की या घरात हसायचं नसतं.

मामाने उभी हयात एका कापडाच्या दुकानात काढली. विकण्यात नव्हे. कापडातलं त्याला काही कळत नव्हतं. चांगलं कापड आणि वाईट कापड तो किमतीच्या चिठ्ठीवरून ओळखायचा. त्याचं काम बघण्याचं, कोणी माल लांबवत नाही ना ते. दुकान तीन मजली, मधोमध जिना, आणि जिन्याच्या तळाशी एक जागा अशी की तिथून दार, गल्ला आणि तागे उलगडायचं लांब टेबल एका नजरेत यायचं. तिथे तो सकाळी उभा राहायचा तो शटर खाली येईपर्यंत. हात मागे बांधलेले, मान ताठ, डोळे अर्धे मिटलेले, म्हणजे समोरच्याला वाटावं की हा पेंगतोय. दुकानातली पोरं त्याला खुंटा म्हणत. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि त्याला ती पदवी वाटायची.

"हिंडणाऱ्याला काही दिसत नाही," तो सांगायचा. "एका जागी उभं राहा. सगळं जग तुमच्यासमोरून जातं."

जग त्याच्यासमोरून गेलं हे खरं. त्यातलं कोणी त्याच्यापाशी थांबलं नाही.

दुकानात त्याने आपला एक रिवाज पाडला होता. कामावर येणाऱ्या मुलींनी पिशवी आणि फोन त्याच्या शेजारच्या स्टुलावर ठेवायचा आणि संध्याकाळी त्याच्यादेखत उचलायचा. कोणाचा संशय आला तर तो ओरडायचा नाही, आरोप करायचा नाही. सगळ्यांना गोळा करायचा आणि त्या मुलीची पिशवी गल्ल्यापाशी उलटी करायचा. कंगवा, रुमाल, खरकटा डबा, औषधाच्या पट्ट्या, एखादा जपून ठेवलेला फोटो. दुकानाचं असं बहुतेक वेळा काहीच निघत नसे.

"नाही निघालं म्हणून काय झालं," तो म्हणायचा. "आता उद्या नेणार नाही."

ती मुलगी बहुधा दुसऱ्या दिवशी यायचीच नाही. मामा तेही स्वतःचं यश धरायचा.

पुढे शेठचा मुलगा गादीवर आला आणि त्याने भिंतींवर कॅमेरे ठोकले. खुंट्याला पगार लागतो, भिंतीला लागत नाही, एवढं त्या मठ्ठ पोरालाही कळत होतं. मामाला हार घातला, घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. मामा घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. हात मागे, मान ताठ. मामी तेव्हा धडधाकट होती. ती ताट-वाट्या घेऊन त्याला वळसा घालून जायची, वाटेत टाकलेल्या खुर्चीला घालावा तसा.

मग एका सकाळी मामीची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून आणली तेव्हा डावा हात हलत होता, आणि तोंडात एकच शब्द उरला होता: अहो. पाणी हवं असलं की अहो, उशी सरकली की अहो, खिडकी लावा म्हणून अहो. नाकातून नळी घातलेली. सांभाळायला एक बाई ठेवली, ती गेली. दुसरी ठेवली, तीही गेली. दोघींच्या हातून घास घ्यायला मामीने तोंड उघडलं नाही. दात घट्ट आवळून छताकडे बघत राहायची.

तिसरी बाई आली ती लठ्ठ, चपला फटफट वाजवणारी, आणि समोरच्याला ऐकायचंय की नाही याची पर्वा न करता बोलणारी. तिने पहिल्याच दिवशी पलंगाच्या कडेला बूड टेकलं, दुधात पाव कुस्करला आणि म्हणाली, "काकू, मी सकाळपासून उपाशी आहे. तुम्ही खाल्लंत तरच मला खाता येईल. आता बघा बाई तुमच्या मनाला काय वाटतं ते." मामीने तोंड उघडलं. महिन्याभरात नळी निघाली.

मामाची मुलगी, म्हणजे आमची ताई, दुसऱ्या गावी नोकरी करते. ती त्या वेळी आली होती, आणि जाताना तिने बापाला बजावलं. "बाबा, ही बाई टिकली पाहिजे. ही गेली तर आईला शुश्रूषालयात ठेवावं लागेल. तिथे घास भरवायला कोणाला वेळ नसतो. ते पुन्हा नळी घालतील. ऐकताय ना?"

"ऐकतोय," मामा म्हणाला. त्याने बाईसाठी दाराशी स्टूल ठेवलं होतं. पिशवी आणि फोन त्यावर. बाईने पहिल्या दिवशी विचारलं, "काका, हे काय विमानतळ आहे का?" मामाने बोटाने स्टूल दाखवलं. बाईने पिशवी ठेवली.

सगळं बरं चाललं असतं. पण आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज येऊ लागला.

बाईचं हसणं मोठं, भांडं पडल्यासारखं. त्यात मामीचं हसू मिसळायचं. अर्ध्या तोंडाचं, घरघरणारं, पण हसूच. मामाने लग्न झाल्यापासून ते कितीदा ऐकलं असेल कोण जाणे. तो उठून खोलीच्या दाराशी जायचा. तो पोचला की आवाज बंद. बाई चादर ओढत असायची, मामी छताकडे बघत असायची. दुकानात अगदी असंच व्हायचं. एवढ्यावरून कोणाही शहाण्याला कळलं असतं की आपण नकोसे आहोत. मामाला कळलं की माल चाललाय.

"कसला माल, मामा?" मी विचारलं. "त्या खोलीत आहे काय? एक कपाट आणि एक बेडपॅन."

"कपाटात तिच्या बांगड्या आहेत."

कपाटाची किल्ली तो गळ्यातल्या दोऱ्यात घालूनच झोपतो. मी म्हणालो, "किल्ली तर तुझ्या गळ्यात आहे."

"म्हणूनच अजून गेलेल्या नाहीत," मामा म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. राखणदाराच्या मनात काय असतं ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.

शेवटी मी त्याच्याबरोबर कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. दुकान अरुंद, एसीमुळे थिजलेलं. दुकानदार तरुण होता, दाढी कोरलेली, आणि जगातल्या सगळ्या भीतींचा तो घाऊक व्यापारी असल्यासारखा खुशीत. त्याने काउंटरवर दोन कॅमेरे मांडले.

"हा फिक्स," तो म्हणाला. "बसवला तिथे बसला. भिंतीवरच्या पालीसारखा. समोरचं तेवढं बघणार, पण चोवीस तास तेच बघणार. आणि हा ट्रॅकिंगवाला. खोलीत कोणी हललं की त्याच्यामागे मान फिरवतो. नव्या नवऱ्यासारखा."

"आणि कोणी हललं नाही तर?" मी विचारलं.

"मग शेवटचं जे हललं तिथेच बघत बसतो. बिचारा वाट बघतो." तो मामाकडे वळला. "काका, लावायचा कुठे? दाराबाहेर की आत?"

"आत. आजारी माणसाची खोली आहे. पलंगावरून उठता येत नाही."

"मग डोळे मिटून फिक्स घ्या. स्वस्तही आहे. पलंगाच्या समोर लावा, पेशंट कायम दिसत राहील. फिरत्याला पेशंट दिसणार नाही. पडून राहिलेलं माणूस आणि उशी त्याला सारखीच."

"पेशंट कुठे पळून जाणार आहे?" मामा म्हणाला. "जी हिंडते तिच्यावर नजर पाहिजे."

फिक्स कॅमेऱ्याबद्दल मामाच्या मनात जुना राग होता. त्याची जागा तसल्याच डोळ्यांनी घेतली होती, आणि दुकानातल्या पोरींनी आठवड्याभरात कुठला कोपरा दिसत नाही ते शोधून काढलं होतं, हे त्याला माहीत होतं. खुंटा म्हणून ज्याने जन्म काढला त्याला दुसरा खुंटा बघवत नव्हता. पण खरं कारण ते नसावं. दुकानदाराने फिरता कॅमेरा चालू केला आणि म्हणाला, "काका, जरा चालून दाखवा." मामा काउंटरच्या या टोकापासून त्या टोकाला गेला. ती लिंबाएवढी पांढरी मान त्याच्यामागे वळली. तो थांबला, ती थांबली. तो परत आला, तीही आली. मग कोणी न सांगता मामा आणखी एकदा गेला आणि आला. त्याच्यासाठी कोणी मान वळवलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. त्यानेही नसावी.

"हाच द्या," तो म्हणाला.

कॅमेरा कपाटावर बसला. बाईने वर पाहिलं आणि विचारलं, "हे काय आणलंत काका?"

"काकूंसाठी. लक्ष राहावं म्हणून."

"बरं झालं," बाई म्हणाली. "मला वाटलं माझ्यासाठी."

मामा आता बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचा आणि फोनमध्ये बघायचा. आतली खोली आणि त्याची खुर्ची यांच्यामध्ये एकच भिंत. हात लांब केला तर भिंतीला लागावा, आणि भिंतीपलीकडे मामीचं डोकं. आतलं हसू त्याला दोनदा ऐकू यायचं, एकदा भिंतीतून आणि एकदा फोनमधून, जरा मागाहून. आपल्याला कोणीतरी दोनदा हसतंय असं त्याला वाटू लागलं. त्याने फोनचा आवाज बंद करून टाकला. नुसतं चित्र. दुकानातही तो ऐकत कुठे होता, बघतच होता.

एकदा मी गेलो तर त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "बघ. पगार कशाचा घेते बघ. रिकामी उभी."

चित्रात बाई खोलीच्या दारात उभी होती. हात मागे बांधलेले, मान ताठ, डोळे अर्धे मिटलेले. गाल फुगवलेले. जराशाने ती आहे त्या जागी किंचित डुलली आणि तिने कपाटाकडे संशयाने पाहिलं. भिंतीपलीकडून मामीचं घरघरतं हसू आलं.

आपण कोणाला बघतोय ते मामाला कळलं नाही. माणसाने स्वतःला पाठमोरं कधी पाहिलेलं नसतं, आणि मामाने तर समोरूनही फक्त दाढी करण्यापुरतंच पाहिलं असावं. "दिवसातून दोनतीनदा अशी उभी राहते," तो म्हणाला. "नुसती. खांबासारखी."

मी फोन परत दिला.

मामीला त्या चित्रात जागा नव्हती. बाई पलंगाशी बसली तर मामीचा खांदा, पांढरे केस, एखाद वेळी चमच्यापुढे उघडलेलं तोंड दिसायचं. बाई उठली की कॅमेरा तिच्याबरोबर उठायचा. खिडकी, कपाट, मोरी, दार. मामा तासन्‌तास बघायचा आणि त्या तासांत त्याला बायको दिसायची नाही. याचं त्याला कधी काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. कॅमेऱ्याआधीही हेच चालू होतं.

त्या दुपारी वारा सुटला होता. बाई गच्चीवर चादरी आणायला गेली. गच्चीचं दार लोखंडी, कडी आतल्या बाजूने. वाऱ्याने दार आपटलं आणि कडी आपोआप पडली. बाई बाहेर अडकली. तिने दार बडवलं, हाका मारल्या. वरच्या मजल्यावरच्या घराला कुलूप होतं. फोन खाली स्टुलावर. शेवटी इमारतीचा रखवालदार पाण्याची टाकी बघायला वर आला तेव्हा ती सुटली. धावत खाली आली तर मामी पलंग आणि भिंत यांच्यामध्ये पडलेली, डावा हात पलंगाच्या कठड्यात अडकून मोडलेला. होता तेवढा एकच हात.

मामा बाहेर खुर्चीवर बसला होता. बाईला धावत येताना पाहून तो म्हणाला, "आलात? फार लवकर आलात."

दवाखाना, प्लास्टर, ताईची धावपळ. मामीला घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी ताईला परत जायचं होतं. त्याआधी ठरवायचं होतं: बाई राहणार की मामी शुश्रूषालयात जाणार. मामाने बैठक बसवली. ताई, मी, आणि समोर उभी केलेली बाई. "बसा हो," ताई म्हणाली. बाई बसली नाही.

मामाने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आमच्याकडे वळवला. मला गल्ल्यापाशी उलटी केलेली पिशवी आठवली. त्याच्या चेहऱ्यावर तेच जुनं समाधान होतं.

चित्रात बाई हात पुसत मोरीतून आली, पलंगाकडे वळून काहीतरी बोलली आणि दारातून निघून गेली. कॅमेरा दाराशी थांबला. मग नुसतं दार. रिकामं दार, पलीकडे भिंतीचा तुकडा.

"वरच्या कोपऱ्यात घड्याळ चालतंय," मामा म्हणाला. "बघत राहा. माणूस मरून पडलं असतं एवढ्यात."

"मी सांगितलं ना ताई," बाई म्हणाली, "कडी पडली—"

"कडी," मामा म्हणाला. "दुकानात असताना कोणाची आजी मरायची, कोणाची बस चुकायची. इथे कडी पडते."

आम्ही दार बघत बसलो. मामा पुढचं पळवू देत नव्हता. त्याला ते दार पूर्ण दाखवायचं होतं.

"आवाज नाही का याला?" ताईने विचारलं.

"आवाजाचं काय करायचंय?"

ताईने फोनची कड दाबली. आधी वाऱ्याचा आवाज. मग काहीतरी घसरल्याचा, आणि धप्प. त्यानंतर मामी.

अहो.

दार तसंच रिकामं. अहो. कठड्यावर काहीतरी आपटत होतं. अहो. अहो. बाईने तोंडावर पदर धरला. मामा फोनकडे हात न्यायला निघाला होता. ताईने त्याच्याकडे न बघताच फोन स्वतःच्या बाजूला ओढून घेतला.

"ती कोणालाही अहो म्हणते," मामा म्हणाला. "खिडकीलाही म्हणते."

चित्रातल्या दारात एक माणूस आला. फिरत्या कॅमेऱ्याला त्याने दोन पावलं टाकलेली पुरली. तो इमानदारीने त्याच्यामागे वळला. हात मागे, मान ताठ. तो मामा होता. घरात हलणारं आपणही एक आहोत हे तो माणूस विसरला होता, आणि हा भाग त्याने पुन्हा लावून पाहिलाच नव्हता. त्याला दाखवायचं होतं ते दार तेवढंच त्याने पाहिलं होतं.

चित्रातला मामा आधी कपाटाकडे गेला. हँडल ओढून पाहिलं. पुन्हा एकदा ओढून पाहिलं. गळ्यातली किल्ली चाचपली. मग त्याने मान वळवून पलंगाच्या दिशेला पाहिलं. पलंग चित्रात नव्हता. त्याचा चेहरा मात्र पुरेपूर होता, आणि तो बराच वेळ बघत होता.

"अहो," मामी म्हणाली.

"थांब जरा," चित्रातला मामा म्हणाला. "ती येऊ दे. किती वेळ लावते बघू."

आणि तो निघून गेला. कॅमेरा त्याला दारापर्यंत पोचवायला गेला आणि पुन्हा रिकामं दार बघत थांबला. पुन्हा अहो. पुन्हा कठडा.

"बंद करा ताई," बाई हळूच म्हणाली. "आत काकूंना ऐकू जाईल."

ताईने फोन उपडा ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "खोलीत तेव्हा खिडकी होती, कपाट होतं आणि तुम्ही होतात. ती कोणाला म्हणत होती?"

मामाने बाईकडे पाहिलं. एखादी पिशवी अजून उलटी करायची राहिली आहे का, हे शोधल्यासारखं. मग माझ्याकडे. मी त्याच्या दुकानातला पोरगा नव्हतो. मी नजर वळवली नाही.

"बाई राहतील," ताई म्हणाली. "पगारही मीच पाठवीन, त्यांच्या हातात. आणि ते स्टूल उचला तिथून."

आतून आवाज आला. "अहो." बारीक, झोपेतून उठल्यासारखा. मामाची मान अर्धी वळली. पण बाई आधीच निघाली होती, चपला फटफटत. "आले हो काकू," ती आत म्हणत होती, "जरा कोर्टात उभी होते." आणि मग ते अर्ध्या तोंडाचं हसू आलं. मोडक्या हातासकट, भिंतीतून, एकदाच.

मामा उठला. उंबऱ्याशी त्याने चपला घातल्या. दाराशी ते स्टूल होतं, त्यावर बाईची पिशवी आणि फोन. जाता जाता त्याची नजर त्या उघड्या पिशवीत गेलीच, खोलवर, सवयीने. मग तो जिना उतरून गेला.